आज्ञा पाठ आहेत, मग निर्णयाच्या वेळी अडतं कुठे?

तुम्ही लिहिलंय की १४ ते १६ वयाच्या मुलामुलींचा, कॅथलिक चर्चमधल्या दृढीकरण (कन्फर्मेशन) संस्काराच्या तयारीचा वर्ग यंदा पहिल्यांदाच तुमच्याकडे आलाय. मुलांना दहा आज्ञा तोंडपाठ आहेत, सात संस्कार क्रमानं सांगता येतात. पण ‘समज, तुझ्यावर अशी वेळ आली तर तू काय करशील?’ असं विचारलं की निम्मी मुलं तुम्हाला हवं ते उत्तर देऊन मोकळी होतात आणि उरलेली ‘ते ज्याचं त्यानं ठरवायचं’ म्हणून गप्प बसतात. आता नियम आणखी घोटून घ्यायचे, की आपापल्या विवेकाचं ऐकायला शिकवायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

या वयाच्या मुलांना धर्मशिक्षण देण्यात माझी २२ वर्षं गेली. सुरुवातीची काही वर्षं मीही हाच प्रश्न घेऊन बसले होते, म्हणून आधी त्या प्रश्नाबद्दलच बोलते. पुस्तकी उत्तर देणारा मुलगा आणि ‘ज्याचं त्यानं’ म्हणणारी मुलगी आपल्याला दोन टोकांना दिसतात, पण दोघांनी केलेलं असतं एकच: समोरच्या प्रसंगाकडे पाहिलेलंच नसतं. एकानं नियमाच्या आड राहून टाळलं, दुसरीनं स्वातंत्र्याच्या आड राहून. म्हणून तुम्ही कितीही नियम घोटले किंवा कितीही मोकळीक दिली, तरी हा वर्ग आहे तिथेच राहील. शिकवायचंय ते याच्या आधीचं आहे. आपण नेमकं काय करतोय, हे खऱ्या शब्दांत सांगता येणं.

काही गोष्टी मात्र तुमच्या वर्गावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. १४ वर्षांच्या मुलाला ठोस प्रसंग लागतो, १६ वर्षांच्याला त्यामागचं ‘का’ लागतं. आठ-दहा मुलं असतील तर चर्चा होते. तीस असतील तर तीन-चार जणच बोलतात, तेव्हा लिहून घेणं बरं. घरी प्रार्थना होते की नाही, आई-वडील दोघेही कॅथलिक आहेत का, फादर मुलांसाठी वेळ काढू शकतात का, यानंही फरक पडतो. तेव्हा मी सांगते तो क्रम जसाच्या तसा उचलू नका.

मी सुरुवात एका कागदानं करते. प्रसंग मीच रचलेला असतो. वर्गातल्या कोणाच्या आयुष्यातला प्रसंग कधीही मागत नाही. मुलांना चारचौघांत स्वतःची चूक सांगायला लावणं हा अन्याय आहे. समजा, प्रसंग असा: एका मुलीनं रडवेल्या अवस्थेत स्वतःचा फोटो काढून आपल्या मित्राला पाठवला, घरात काय चाललंय ते त्याला सांगितलं. त्यानं तो फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला. मुलांना मी एवढंच सांगते, ‘त्यानं काय केलं, ते एका वाक्यात लिहा.’

एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीचा कागद मी जवळून पाहत होते. तिनं आधी लिहिलं, ‘त्याने फक्त फॉरवर्ड केलं.’ मी ‘फक्त’ या शब्दावर बोट ठेवलं आणि पुढे गेले. परत आले तेव्हा ते वाक्य खोडून खाली लिहिलं होतं, ‘त्याने तिचा फोटो ग्रुपवर टाकला.’ मग त्यात बाण काढून ‘तिला न विचारता’ घातलेलं. तिसऱ्या खेपेला कागद जवळजवळ भरला होता आणि शेवटची ओळ होती, ‘तिने ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्यानेच तिचं रडणं १४ जणांना दाखवलं.’ ही ओळ लिहून झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. त्यानंतर हे बरोबर की चूक, हे तिला विचारावंच लागलं नाही. आठवी आज्ञा (‘खोटी साक्ष देऊ नकोस’) कुठे आणि कशी लागू होते, हे मला सांगावं लागलं नाही, तिनंच सांगितलं.

म्हणून मी या एका वाक्यावर पूर्ण तास घालवते, कधी दोन. आपण चुकीचं वागतो तेव्हा बहुतेक वेळा आज्ञा विसरलेलो नसतो, कृतीचं नाव बदललेलं असतं. कॉपी केली याला ‘ॲडजस्ट केलं’, चहाडीला ‘सांगायला नको का’, एखाद्याला एकटं पाडलं त्याला ‘गंमत’. मुलांनाच अशा शब्दांची यादी करायला सांगा, फळा भरेल. मग एक कसोटी द्या: ज्याला या कृतीची झळ बसली, तो हे वाक्य वाचून ‘हो, असंच झालं’ म्हणेल का?

बायबलमध्ये याचा उत्तम पाठ आहे आणि तो मी दरवर्षी घेते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२वा अध्याय. दावीद राजानं आपल्या उरिया नावाच्या सैनिकाची बायको बळकावली आणि त्याला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्टा त्याच्यासमोर येतो, पण आज्ञा वाचून दाखवत नाही. तो गोष्ट सांगतो: एका श्रीमंत माणसाकडे पुष्कळ मेंढरं होती, शेजारच्या गरिबाकडे एकच कोकरी, मुलीसारखी वाढवलेली, पाहुणा आला तेव्हा श्रीमंतानं त्या गरिबाची कोकरी कापली. दावीद संतापून निवाडा देतो, आणि मगच नाथान म्हणतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ दावीदाला आज्ञा ठाऊक नव्हत्या असं थोडंच होतं? त्याला स्वतःची कृती दिसत नव्हती. प्रसंग आधी दुसऱ्याचा म्हणून द्यायचा, मुलांना मोकळेपणानं निवाडा करू द्यायचा, आणि त्यांनी तो आपणहून स्वतःला लावेपर्यंत थांबायचं, हे मी नाथानाकडून शिकले. नाथानाचं शेवटचं वाक्य मात्र आपण उच्चारायचं नाही. तो संदेष्टा होता. आपण धर्मशिक्षक आहोत.

कृती खऱ्या शब्दांत मांडता आली की पुढची शिकवण मुलं सहज पचवतात. चर्चच्या शिकवणीप्रमाणे कोणत्याही नैतिक कृतीत तीन गोष्टी पाहायच्या: प्रत्यक्ष काय केलं, कोणत्या हेतूनं केलं आणि कोणत्या परिस्थितीत केलं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, परिच्छेद १७५० पासून हे आहे. तुम्ही स्वतः ते वाचून घ्या, दहा-बारा परिच्छेदच आहेत. कृती चांगली ठरायला तिन्ही चांगलं लागतं. हेतू चांगला असला म्हणून मुळात वाईट असलेली कृती चांगली होत नाही. उलट, चांगल्या कृतीला वाईट हेतू नासवतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात येशू लोकांनी पाहावं म्हणून दानधर्म करणाऱ्यांबद्दल हेच सांगतो. परिस्थितीनं दोष कमी-जास्त होतो, पण वाईटाचं चांगलं होत नाही. संत पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (३:८) ‘चांगलं व्हावं म्हणून वाईट करू या’ हा विचार धुडकावून लावलाय, तोही इथेच सांगावा.

इथे कोणीतरी हमखास विचारतं, ‘दारात मारेकरी उभा आहे आणि आत लपलेल्या माणसाबद्दल विचारतोय, तर खोटं बोलायचं नाही?’ हा प्रश्न टोलवू नका, तो खरा आहे. संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अक्वायनस या चर्चच्या दोन थोर विचारवंतांनी खोटं बोलण्याला कुठेच सूट दिली नाही. त्याच वेळी कॅटेकिझम (२४८९) सांगतो की ज्याला सत्य जाणून घेण्याचा हक्क नाही, त्याला ते सांगायला कोणी बांधील नाही. गप्प राहणं, विषय वळवणं, सांगायला नकार देणं, हे सगळं मोकळं आहे. त्यापुढे काय, यावर धर्मपंडितांत मतभेद आहेत, हे मी मुलांना सरळ सांगते. मतभेद लपवला की मुलांना वास येतो. मग पंधरा मिनिटांनी आम्ही मारेकऱ्याला दारात सोडून त्यांच्या रोजच्या खोट्याकडे येतो, कारण निर्णय तिथे घ्यायचे असतात.

आता विवेक. इथे आपली भाषाच आपल्याला फसवते आणि सावरतेसुद्धा. मराठीत ‘मला वाटतं’ या दोन शब्दांत भावनाही बसते आणि मतही. ‘मला भीती वाटते’ आणि ‘मला हे चूक वाटतं’, क्रियापद एकच. त्यामुळे ‘मला जे वाटतं ते मी करणार’ असं मूल म्हणतं, तेव्हा कोणतं वाटणं, हे त्यालाही ठाऊक नसतं. माझ्या वर्गात प्रसंगावर बोलताना ‘वाटतं’ हा शब्द बंद असतो. ‘मी असं ठरवेन, कारण...’ असंच वाक्य करायचं. पहिले दोन तास मुलं अडखळतात. मग ‘कारण’च्या पुढे काहीतरी यायला लागतं.

दुसरा शब्द ‘सदसद्विवेकबुद्धी’. मुलं त्याला घाबरतात. फळ्यावर तोडून लिहा: सत्, असत्, विवेक, बुद्धी. खरं काय, खोटं काय, ते वेगळं काढणारी बुद्धी. कॅटेकिझमची व्याख्याही (१७७८) हीच आहे: आपण करणार आहोत, करत आहोत किंवा केली आहे त्या कृतीबद्दल बुद्धीनं केलेला निवाडा. ‘आतला आवाज’ हा शब्दप्रयोग मी जपून वापरते. आत भीतीचा आवाज असतो, मित्रांचा असतो, आईनं लहानपणी रागावलेल्याचाही असतो. तरीही हा निवाडा म्हणजे नुसती आकडेमोड नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) १९६५च्या ‘आधुनिक जगातील चर्च’विषयीच्या दस्तऐवजात सदसद्विवेकबुद्धीला माणसाचा सर्वांत आतला गाभा आणि गाभारा म्हटलंय, जिथे तो देवाबरोबर एकटा असतो. गाभाऱ्यात जाताना आपण थांबतो, आवाज खाली आणतो. निर्णयाआधी दोन मिनिटं शांत बसून पवित्र आत्म्याला हाक मारण्याची सवय मी याच शब्दावरून लावते.

यानंतरची दोन वाक्यं एकाच तासात शिकवा, एक आज आणि एक पुढच्या रविवारी असं करू नका. पहिलं: ज्याबद्दल विवेकाची पक्की खात्री आहे, त्या निवाड्याप्रमाणे वागलंच पाहिजे. दुसरं: विवेक चुकू शकतो, म्हणून त्याला घडवणं हे आपलं कर्तव्य आहे, सत्य शोधायची तसदीच घेतली नाही, तर त्या चुकीचा दोष आपल्याकडे येतो. नुसतं पहिलं ऐकलेली मुलं हट्टी होतात. नुसतं दुसरं ऐकलेली भित्री होतात.

दोन्ही एकत्र दाखवायला मी फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याची गोष्ट सांगते. हिटलरच्या सैन्यात लढायला त्यानं नकार दिला. घरी बायको आणि लहान मुली. आप्तांनी समजावलं, धर्मगुरूंनी समजावलं, तो आपल्या बिशपना जाऊन भेटला, त्यांनीही कुटुंबाची जबाबदारी दाखवून दिली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याला मृत्युदंड दिला गेला. २००७ साली चर्चनं त्याला धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली.

ही गोष्ट सांगितली की मी गप्प बसते. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘पण टीचर, तो फक्त हट्टी नव्हता, हे त्याला कसं कळलं?’ इतक्या वर्षांत मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. आम्ही मिळून उत्तर शोधलं. त्यानं प्रार्थना केली, वाचलं, लिहून विचार केला. आपल्या विरोधात बोलणाऱ्यांना टाळलं नाही, उलट त्यांच्याकडे गेला. रुग्णसेवेचं काम करायला तयार असल्याचं त्यानं सांगितलं, म्हणजे कष्ट किंवा धोका चुकवायचा नव्हता. आणि त्या निर्णयातून स्वतःचा काही फायदा नव्हता, किंमत तेवढी होती. त्या मुलानं हे वहीत लिहून घेतलं: ‘मी कोणाला विचारायचं टाळतोय? यात माझी सोय कुठे आहे?’ हे दोन प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक वर्गाला देते.

इथपर्यंत आलात तर तुमच्या मूळ प्रश्नाचं बरंचसं उत्तर हाताशी येतं: नियम हवेत, कारण त्यांच्याशिवाय कृतीला खरं नाव देता येत नाही, विवेक हवा, कारण या घडीला, या माणसाशी मी काय करायचं, ते नियम सांगत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये लिहिलं की आपल्याला विवेक घडवायला बोलावलंय, विवेकाची जागा घ्यायला नव्हे. ते वाक्य मी माझ्या वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवलंय.

पण ठरवणं वेगळं आणि करणं वेगळं. संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या: नीट विचार-विचारणा करणं, निवाडा करणं आणि तो अमलात आणणं. मुलं तिसऱ्या पायरीवर घसरतात. काय योग्य ते ठाऊक असतं, पण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून आम्ही शब्दांचा सराव करतो, अक्षरशः उभं राहून. ‘मी हे पुढे पाठवणार नाही.’ ‘ती इथे नाहीये, तिच्याबद्दल नको बोलूया.’ ‘मला घरी जायचंय.’ वाक्य लहान हवं, उपदेश नको, आणि मुलाच्या स्वतःच्या बोलीतलं हवं. दोन मुलं दबाव आणतात, एकजण ते वाक्य बोलतो, मग अदलाबदल. सुरुवातीला हसतात, हसू द्या. एका मुलीनं पुढे मला सांगितलं की ऐन वेळी तिला ना आज्ञा आठवली, ना माझा धडा. तेवढं वाक्य मात्र तोंडात तयार होतं.

काही निर्णयांत बरोबर-चूक असतंच कुठे? दोन्ही वाटा चांगल्या असतात: कोणतं शिक्षण घ्यावं, कोणती जबाबदारी स्वीकारावी. तिथे पाप-पुण्याची भाषा आणली की मुलं उगाच घाबरतात. तिथे जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला कामी येतात. १५२१ मध्ये पायाला तोफगोळा लागून अंथरुणाला खिळले असताना त्यांच्या लक्षात आलं, की पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की नंतरही आनंद टिकतो. मुलांना एवढंच सांगते: प्रत्येक वाट आठवडाभर मनात जगून पाहा आणि मागे काय उरतं ते लिहून ठेव. त्यांचाच दुसरा उपाय: अगदी अनोळखी माणूस हाच पेच घेऊन आला, तर त्याला काय सल्ला देशील?

मुलं शरीर आणि प्रेमाविषयी विचारतीलच. उत्तर द्या, लाजू नका, पण वर्षाची सुरुवात तिथून करू नका, नाहीतर नीती म्हणजे एवढंच, असा समज पक्का होतो.

माझी एक चूक सांगते. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका मुलानं विचारलं, ‘रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली तर खरंच इतकं मोठं पाप होतं?’ मी त्याला का विचारतोस हे न विचारता दरडावून उत्तर दिलं. त्यानंतर वर्षभर तो प्रत्येक प्रश्नाला बिनचूक उत्तर देत राहिला. त्याखेरीज एक शब्द नाही. त्याच्या घरचा आजार आणि रविवारची ओढाताण मला वर्ष संपल्यावर दुसऱ्यांकडून कळली. चर्चची शिकवण त्याला माझ्याकडून नीट कळलीसुद्धा नाही: आजारी माणसाची देखभाल हे मिस्सेला न जाण्याचं रास्त कारण आहे; कॅटेकिझम (२१८१) गंभीर कारणाला सूट देतो आणि आजारपण, तान्ह्या मुलांची देखभाल ही त्याची उदाहरणं देतो. गंभीर पाप व्हायला गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती, तिन्ही लागतात. भीती, सवय, दबाव यांनी जबाबदारी कमी होऊ शकते. हे मुलांना शिकवा. सैल मुलांना त्यातून गांभीर्य कळतं आणि धास्तावलेल्यांना श्वास मिळतो. एखादं मूल प्रत्येक विचाराला पाप समजून झुरत असेल, तर त्याला आत्मपरीक्षणाची आणखी एक यादी देऊ नका. एकाच शांत स्वभावाच्या फादरकडे नियमित कन्फेशनला (पापकबुलीला) जायला सुचवा, गरज दिसली तर पालकांशी बोलून डॉक्टरांचाही सल्ला घ्या.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी वर्गाला सांगा: कन्फेशनमधल्या गुप्ततेचं बंधन फादरांवर असतं, आपल्यावर तसं नाही. कोणी स्वतःला इजा करत असेल किंवा कोणी मुलाला त्रास देत असेल, तर ते मी माझ्यापाशी ठेवणार नाही, योग्य माणसापर्यंत नेईन. ‘कोणाला सांगणार नाही ना?’ असं मूल विचारेल तेव्हा ‘हो’ म्हणू नका. ‘मी तुला एकटं सोडणार नाही’ म्हणा, आणि तसंच वागा.

येत्या रविवारसाठी एकच प्रसंग तयार करा, चार-पाच ओळींचा, नावं नसलेला, आणि ज्यात वाईट वागणारा मुलगा मुलांना ओळखीचा वाटेल असा. कागद वाटा, एक वाक्य लिहायला सांगा, आणि शांतता पसरली की ती मोडू नका. मी मनात एकदा ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणते, तेवढा वेळ पुरतो. कागद परत मागू नका. वर्गाला जाण्याआधी ते वाक्य एकदा स्वतः लिहून पाहा. मला अजूनही दोन-तीनदा खोडावं लागतं.